सोळाव्या वर्षाचे वाचन

सोळावे वर्ष लागलेल्या पुत्रास मित्राप्रमाणे वागवावे, असे आपल्या सुभाषितकारांनी सांगून ठेविले आहे. कन्येविषयी मात्र ते मौन पाळतात. त्यांच्या काळी सोळाव्या वर्षी कन्या सासरी नांदत असे, त्यामुळे तिच्याशी मैत्रीने वागावे की अधिकाराने, हा प्रश्न मातापित्यांपुढे उरतच नसे. आज तो उरला आहे. कन्या घरात आहे, अकरावीत शिकते आहे, पुस्तके वाचते आहे आणि वाचलेल्याविषयी स्वतःचे मतही बनविते आहे. ह्या मताचे घराने काय करावे, एवढाच आमच्या ह्या महिन्याच्या लेखाचा विषय आहे.

निमित्त झाले ते छत्रपती संभाजीनगर येथील एका वाचक कन्येच्या विस्तृत पत्राचे. तिचे वय सोळा. नाव प्रसिद्ध करू नये अशी तिची विनंती आहे व ती आम्ही अर्थातच पाळीत आहो. गेल्या दोन वर्षांत वाचलेल्या, आपल्या वयाच्या नायक-नायिकांच्या कादंबऱ्यांवर तिने आपले अभिप्राय कळविले आहेत आणि शेवटी एक तक्रार केली आहे. पत्रात ‘हृदयस्पर्शी’ हा शब्द एकदाही आलेला नाही, ही गोष्ट आम्ही तिच्या गुणांत जमा करतो.

प्रारंभ तिने ‘श्यामची आई’पासून केला आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक तिच्या घरी तिसऱ्या पिढीच्या हातात आहे. ते वाचून रडू आले, हे ती प्रांजळपणे सांगते. परंतु श्यामची आई जे बोलते ते सारे श्यामसाठी बोलते, तिचे स्वतःचे एखादे प्रकरण असते तर बरे झाले असते, असेही ती म्हणते. येथे आमचा मतभेद आहे. पुत्राने मातेचे केलेले ते स्मरण आहे. मातेचे मनोगत त्यात शोधणे म्हणजे कीर्तनाला जाऊन नाटकाची अपेक्षा धरण्यासारखे होय. तथापि असा प्रश्न आम्हांस आमच्या सोळाव्या वर्षी सुचला नव्हता, हे नमूद करणे प्राप्त आहे.

फुरसुंगीचा फास्टर फेणे तिला अद्याप आवडतो. भा. रा. भागवतांचा हा धांदरट, धाडसी पोरगा म्हातारा होत नाही, हे खरेच आहे. शेजारच्या जालन्यात जन्मलेल्या भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ ह्या रहस्यकथेला २०२४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. तीही तिने एका बैठकीत संपविली. रहस्यकथेकडून तिने रहस्याहून अधिक काही मागितलेले नाही, हा विवेक मोठ्या टीकाकारांसही नेहमी साधत नाही.

प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’विषयी ती भरभरून लिहिते. लंपनच्या तोंडची बेळगावकडची, कानडी वळणाची मराठी तिला प्रथम अडली आणि नंतर तीच आवडू लागली. तिचे म्हणणे असे की, आमच्या शहरातही गल्लोगल्ली उर्दूच्या व दख्खनीच्या संगतीने वाढलेली एक मराठी बोलली जाते. रिक्षात, बाजारात आणि मैत्रिणींच्या घरी मी ती रोज ऐकते. मग त्या भाषेत बोलणारी माझ्या वयाची मुलगी कोणत्या पुस्तकात आहे? आम्ही पुष्कळ आठवून पाहिले, परंतु तिला नाव कळवू शकलो नाही.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’वर तिने सर्वांत अधिक लिहिले आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या कादंबरीचा काळ १९७५च्या आणीबाणीचा असून निवेदक नववीतील मुकुंद जोशी आहे. वर्गातील कंटाळा, मास्तरांच्या नकला, मित्रांतील चढाओढ हे सारे तिला आपल्या वर्गातलेच वाटले. पन्नास वर्षांत शाळा बदलली नाही असा तिचा निष्कर्ष आहे. परंतु मुलींच्या मागावर राहणाऱ्या मुलांची जी मौज पुस्तकात आहे, ती तिला मौज वाटेना. शिकवणीहून परतताना मागे कोणी आहे काय, हे आपण रोज वळून पाहतो, आणि वळून पाहणारीच्या मनात काय चालते ते ह्या पुस्तकात नाही, असे ती लिहिते. शिरोडकर सर्वांच्या लक्षात राहते, परंतु मुकुंदाला दिसली तेवढीच.

लेखकावर हा आरोप होऊ शकत नाही. निवेदक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा असल्यावर त्याला दिसेल तेवढेच दाखविणे हाच त्या कलेचा प्रामाणिकपणा आहे. परंतु वाचणाऱ्या मुलीने आपल्या जागेवरून वाचावे, ह्यात गैर काय आहे? आमच्या परिचयाच्या अनेक पुरुषांनी हे पुस्तक आपले बालपण परत मिळाले म्हणून छातीशी धरले. त्या बालपणाच्या रस्त्याच्या दुसऱ्या कडेने कोण चालत होते, हे ह्या पत्राने आम्हांस दाखविले.

इंग्रजी पुस्तकांकडे ती का वळते, ह्याचे उत्तर येथेच आहे. सुझान कॉलिन्स यांच्या ‘हंगर गेम्स’ची आणि जॉन ग्रीन यांच्या ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ची निवेदिका तिच्याच वयाची आहे आणि आपली गोष्ट आपणच सांगते. ग्रीन यांच्या २०१२च्या ह्या कादंबरीस घरात ‘प्रेमाबिमाचे पुस्तक’ म्हणून नाक मुरडण्यात आले. ती म्हणते, मी रडले ते प्रेमप्रकरणासाठी नव्हे. कर्करोगाने ग्रासलेल्या हेझलला मरणापेक्षा मोठी चिंता वाटते ती, आपल्यामागे आपली आई कोणाची आई राहील ह्याची. मला रडू आले ते तेथे. नाक मुरडणाऱ्यांनी ‘श्यामची आई’ जेथे ठेविली आहे, त्याच फळीवर हेही पुस्तक चालण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटू लागले आहे.

ह्या साऱ्या अभिप्रायांतून दोन सिद्धान्त निघतात. ते तिने मांडले नसले तरी आम्ही मांडतो. श्याम, फेणे, लंपन, मुकुंद, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे, हे सारे मुलगे आहेत, हा पहिला. दुसरा असा की, कुमारवयाविषयीचे आपले उत्तम लेखन बव्हंशी स्मरणाचे लेखन आहे. संतांचा जन्म १९३७चा आणि ‘वनवास’ प्रसिद्ध झाले १९९४ साली. प्रौढ लेखक मागे वळून पाहतो आणि आपले हरवलेले गाव लिहितो. ते लेखन सुंदर आहे, परंतु त्यात ज्याचे हरवलेले सापडते तो वाचक चाळीस वर्षांचा असतो. सोळा वर्षांच्या मुलीचे अद्याप काही हरवलेले नाही. तिला सापडावयाचे आहे.

अमेरिकेत ह्या प्रकारच्या कादंबरीचा जो आरंभ मानतात, तो एका मुलीच्या अशाच असंतोषातून झाला. टल्सा गावची एस. ई. हिंटन हिला आपल्या वयाच्या मुलांविषयीची पुस्तके खोटी वाटत. तिने शाळेत असतानाच ‘द आउटसायडर्स’ लिहिण्यास घेतले आणि १९६७ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. लेखिका मुलगी आहे एवढ्यावरूनच परीक्षक पुस्तक झिडकारतील ह्या भीतीने प्रकाशकांनी तिची केवळ आद्याक्षरे छापली, आणि तिचा नायकही मुलगाच होता! असंतोष पुस्तक निर्माण करतो, तरी सारे एकदम साधत नाही.

आता तक्रारीकडे वळू. बाबा भांड हे तिच्याच शहरातील लेखक व प्रकाशक. त्यांच्या ‘दशक्रिया’ कादंबरीत पैठणच्या घाटावर गोदावरीत उतरून राखेतून नाणी वेचणारा भान्या नावाचा मुलगा आहे. आणि मृताच्या नावाने चालणाऱ्या व्यवहाराचे चित्र आहे, ज्यात पुरोहितवर्ग गौरवाने दिसत नाही. ह्याच कादंबरीवरील चित्रपटास २०१७ साली सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो प्रदर्शित होण्याच्या सुमारास पुरोहितांकडून व ब्राह्मण संघटनांकडून विरोध झाला आणि विरोधातील याचिका औरंगाबाद खंडपीठाने फेटाळली. आमच्या ह्या वाचिकेने वाचनालयातून कादंबरी आणली, तेव्हा ‘ह्यात आपली निंदा आहे’ असे म्हणून घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीने ती अर्धी वाचून झाली असता परत पाठविली. त्यांनी स्वतः ती वाचली आहे काय, ह्या प्रश्नास उत्तर मिळाले नाही. उरलेली तिने मैत्रिणीच्या घरी वाचली.

आणि वाचून तिला काय वाटले? निंदा तिला जाणवली नाही असे नाही. परंतु ध्यानात राहिला तो पाण्यातील मुलगा. काही वर्षांपूर्वी आजीच्या दिवसांसाठी सारे पैठणला गेले असता नदीत मुले दिसली होती आणि ती पोहत आहेत असे तिला वाटले होते. आजीच्या नावाने सोडलेले नाणे कोणाच्या हाती लागले असेल, एवढेच तिने लिहिले आहे.

पैठण हे नाथांचे गाव. पितृश्राद्धासाठी शिजविलेले अन्न भुकेल्या अंत्यजांस वाढून, त्यापायी ब्रह्मवृंदाचा बहिष्कार ओढवून घेणाऱ्या एकनाथांची कथा आपल्या प्रत्येक घरी अभिमानाने सांगितली जाते. तापलेल्या वाळवंटात रडणारे परक्याचे पोर त्यांनी कडेवर घेतले, हे आपण मुलांस पाळण्यापासून ऐकवितो. गाव तेच, नदी तीच, विधी त्याच जातीचा आणि वाळवंटातले पोरही तेच. चारशे वर्षांपूर्वीची कथा सांगताना आपण नाथांच्या बाजूचे असतो. मग आजची कथा हाती येताच बहिष्कार घालणाऱ्यांच्या बाजूस का जाऊन बसतो?

भिक्षुकाची बाजू नाही असे आम्ही म्हणत नाही. यजमानाच्या दारी दक्षिणेसाठी ताटकळणारा, घासाघीस सोसणारा, मुलाने हा व्यवसाय करू नये म्हणून झटणारा भिक्षुक आम्ही पाहिला आहे, आणि त्याच्या घरातील सोळा वर्षांच्या मुलामुलीची कादंबरीही मराठीस हवी आहे. परंतु न लिहिलेल्या पुस्तकाची उणीव लिहिलेले पुस्तक काढून घेतल्याने भरून येत नाही. एका कादंबरीस उत्तर द्यावयाचे ते दुसऱ्या कादंबरीने.

मुलांच्या हाती काय पडते ह्याची काळजी मातापित्यांनी वाहूच नये, असा ह्याचा अर्थ कोणी घेऊ नये. खिशातील दूरध्वनी जे काही रात्री-बेरात्री दाखवितो, त्याच्यापुढे छापील कादंबरी हा पुष्कळच सभ्य पाहुणा आहे. आमची सूचना साधी आहे. जे पुस्तक काढून घ्यावेसे वाटते ते प्रथम आपण वाचावे; वाचून झाल्यावर मुलीस तिचे मत विचारावे, आणि ते ऐकून झाल्याखेरीज आपले सांगू नये. आमच्या ह्या वाचिकेच्या घरी हे घडले असते, तर ते पत्र तिला आम्हांस लिहावे लागले नसते.

तिच्यासाठीही दोन शब्द. तुझ्या शहराच्या बोलीतली, वळून पाहणाऱ्या मुलीची कादंबरी कोणी लिहावी, असे तू विचारतेस. आठवणी लिहिण्यास वय लागते. परंतु आजचे लिहिण्यास आज हवा, आणि तो आमच्यापाशी नाही, तुझ्यापाशी आहे. पहिले प्रकरण झाले की पाठव. आम्ही वाचू, आणि आवडले नाही तर तेही मोकळेपणाने कळवू.