हमीचे कुंपण

वर्सोव्याच्या यारी रोडवरील एकाच खड्ड्यातून दोन वाहने जातात. एक दोन कोटींहून अधिक किमतीची स्पोर्ट्स कार, दुसरी रिक्षा. दोन्ही नवी असतील, तर दोहोंच्या मालकांपाशी कंपनीचे हमीपत्र असते आणि त्यात बहुधा एकच वाक्य आढळते: ‘इतके महिने किंवा इतके किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते.’ रिक्षा दिवसभर धावते, म्हणून तिची हमी किलोमीटरवर संपते. स्पोर्ट्स कार बहुतेक काळ इमारतीच्या तळघरात उभी असते, म्हणून तिची हमी दिनदर्शिकेवर संपते. मर्यादा एकच, तिचा भार मात्र वापरानुसार पडतो.

ही झाली पहिली मर्यादा. स्पोर्ट्स कारच्या हमीपत्रात पुढे आणखी काही अटी असतात. गाडी शर्यतीच्या धावपट्टीवर नेली किंवा ताकद वाढविण्यासाठी इंजिनाच्या संगणकात फेरफार केला, तर त्यातून उद्भवलेला बिघाड कंपनी भरून देत नाही. ब्रेकचे पॅड, क्लचप्लेट, टायर हे झिजणारे भागही सामान्यतः वगळलेले असतात. पुराच्या पाण्याने निकामी झालेले इंजिन हा विम्याचा प्रांत ठरतो आणि तेथेही बहुधा जादा हप्ता भरावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी ज्या उपनगरांनी सांताक्रूझ वेधशाळेतील ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद अनुभवली, तेथे ही अट किरकोळ मानता येणार नाही.

या मर्यादा सरसकट अन्यायाच्या आहेत काय? अर्थशास्त्राचे उत्तर नकारार्थी आहे. हमी हा एक प्रकारचा विमाच असून त्याचा हप्ता वाहनाच्या किमतीत दडलेला असतो. एकाने शर्यतीत इंजिन जाळले आणि कंपनीने ते भरून दिले, तर तो खर्च अखेर सरळमार्गी ग्राहकांच्याच माथी बसेल. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असतो, तेव्हा बाजारच कोलमडू लागतो. हमी ही दरी काही अंशी भरून काढते. जो धोका ग्राहकाच्या हाती आहे तो त्याने सोसावा. जो कारखान्यात जन्मला तो कारखानदाराने सोसावा, हाच न्याय होय.

तथापि, मर्यादेचा उपयोग ग्राहकाला बांधून ठेवण्यासाठी होऊ लागला की हा न्याय संपतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये मर्सिडीज-बेंझ व बीएमडब्ल्यूसह १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. परंतु आदेशातील एक तत्त्व मोलाचे होते. बाहेरच्या कारागिराकडून दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून संपूर्ण हमी रद्द करता येणार नाही. सदोष दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. अमेरिकेने १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने हमीच्या बदल्यात कंपनीचेच सुटे भाग वापरण्याची सक्ती सर्वसाधारणपणे निषिद्ध ठरविली होती.

आता खरा प्रश्न पुराव्याचा आहे. महागड्या मोटारीचा संगणक तिच्या इंजिनाच्या अनेक हालचाली टिपून ठेवतो आणि ती नोंद वाचण्याची साधने प्रामुख्याने कंपनीच्या हाती असतात. म्हणून मर्यादा मोडली हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असली पाहिजे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित करारांना आव्हान देण्याचा मार्ग खुला केला, हे स्वागतार्ह आहे. मात्र ती दाद जिल्हा आयोगात लागत नाही. त्यासाठी किमान राज्य आयोग गाठावा लागतो. दोन कोटींहून अधिक किमतीच्या मोटारीचा तंटा तर राष्ट्रीय आयोगाकडेच जातो आणि तिच्या मालकाला वकिलांची वाण नसते. लाखभर रुपयांच्या स्कूटरवरून शाळेत जाणाऱ्या शिक्षकाने अन्यायी कलमाविरुद्ध इतकी पायरी चढावी, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. तो अधिकार जिल्हा आयोगाला मिळाला पाहिजे आणि हमीच्या मर्यादा विक्रीपूर्वी मराठीत छापून हाती दिल्या पाहिजेत.

कुंपण शेत राखण्यासाठी घालावयाचे असते. ते शेत खाऊ लागले, तर मालक धनिक आहे की शिक्षक, याने फरक पडत नाही.