नाव एक, कुळे चार

शब्दाची जात त्याच्या रूपावरून नव्हे, तर वाक्यातील कार्यावरून ठरते, हे व्याकरणाचा प्रत्येक शिक्षक सांगत असतो. ‘वर’ हा शब्द लग्नमंडपात नाम असतो, ‘वर पाहा’ म्हणताना क्रियाविशेषण होतो आणि ‘झाडावर’ म्हणताना शब्दयोगी अव्यय. अक्षरे तीच, वागणूक निराळी. जठराच्या कर्करोगाविषयीही हाच विवेक हवा, असे वैद्यकशास्त्र आता सांगते.

रोगाला अवयवावरून नाव देण्याची आपली रीत जुनी आहे. ‘पोटाचा कॅन्सर’ हे शब्द कानी पडताच शेजारच्या कोणा तात्यांचे काय झाले ते आठवते, आणि आपल्या माणसाचेही तेच होणार असे सारे घर मनोमन ठरवून टाकते. हा निष्कर्ष घाईचा आहे.

१९६५ साली फिनलंडचे विकृतिशास्त्रज्ञ पेक्का लॉरेन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली या रोगाचे दोन मुख्य प्रकार दाखविले : एक आतड्याच्या अस्तरासारखी घडण असलेला, दुसरा विखुरलेल्या पेशींचा. पुढे २०१४ साली अमेरिकेतील ‘कॅन्सर जीनोम ॲटलास’ प्रकल्पाच्या संशोधकांनी २९५ रुग्णांच्या गाठी रेणूंच्या पातळीवर तपासल्या व त्यांची चार कुळे लावली. पहिल्या कुळाच्या पेशींत एपस्टाईन-बार विषाणू सापडतो. अशा गाठी शंभरांत सुमारे नऊ. दुसऱ्यात, सुमारे बावीस गाठींत, डीएनएची नक्कल होताना पडलेल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडलेली असते. जणू छापखान्यातला मुद्रितशोधक रजेवर गेलेला. तिसऱ्या कुळात, सुमारे वीस गाठींत, गुणसूत्रे बरीचशी शाबूत असतात, पण पेशींची एकमेकींवरील पकड बहुधा सुटलेली असते. उरलेल्या सुमारे निम्म्या गाठींत गुणसूत्रांचीच मोठी मोडतोड झालेली असते.

अन्ननलिकेची कथा याहून उद्बोधक आहे. २०१७ साली त्याच प्रकल्पाने दाखविले की, तेथील ग्रंथिपेशींचा कर्करोग जठराच्या या चौथ्या कुळाचा सख्खा भाऊ शोभतो. उलट, भारतात अधिक आढळणारा, तंबाखू व मद्याशी नाते सांगणारा चपट्या पेशींचा कर्करोग तोंड-घशाच्या कर्करोगांच्या जवळचा आहे. एकाच नलिकेत राहणारे दोन परके!

ही वंशावळ रुग्णाच्या काय कामाची? २०१७ सालच्याच एका विश्लेषणात विषाणूच्या कुळातील रुग्णांची वाटचाल सर्वांत चांगली, तर तिसऱ्या कुळातील रुग्णांची सर्वांत बिकट दिसली. शस्त्रक्रियेनंतरच्या केमोथेरपीचा लाभ चौथ्या कुळाला अधिक झाला, तिसऱ्याला सर्वांत कमी. दुसऱ्या कुळाचा रोग पसरलेला असला, तरी शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करणारी औषधे तेथे विशेष गुणकारी ठरतात. काही गाठींत, विशेषतः चौथ्या कुळात, ‘हर-टू’ नावाचे प्रथिन अतोनात वाढलेले असते. अशा पुढच्या टप्प्यातील रुग्णांना केमोथेरपीच्या जोडीला ट्रॅस्टुझुमॅब दिल्यावर त्यांचे मध्यक आयुर्मान ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेले, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. लाभ माफक, पण खरा. आणि मध्यक याचा अर्थच असा की निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले.

तथापि, कुळ म्हणजे प्रारब्ध नव्हे. रोग कोणत्या टप्प्यावर सापडला याचे महत्त्व आजही फार मोठे आहे. घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, काळे शौच होणे या गोष्टी ‘पित्त असेल’ म्हणून अंगावर काढू नयेत.

वाचकहो, आपण परप्रांतात स्थिरावलेली माणसे. इस्पितळातले बोलणे हिंदीत, गुजरातीत वा कानडीत, अहवाल इंग्रजीत आणि घरातली काळजी मराठीत. या प्रवासात नेमका मुद्दा हरवतो. म्हणून कुटुंबातील कोणी एकाने कागद हाती धरून डॉक्टरांना शांतपणे विचारावे : गाठ कोणत्या पेशींची आहे? रोग कोणत्या टप्प्यावर आहे? हर-टूची आणि डीएनए-दुरुस्तीच्या बिघाडाची तपासणी झाली काय? नसल्यास, काढलेल्या तुकड्यावर ती करता येईल काय? उत्तरे लिहून घ्यावीत आणि ती रुग्णापासून लपवू नयेत. ज्याचा देह, त्याला आपल्या रोगाचे पुरते नाव कळण्याचा पहिला अधिकार आहे.