मोरब्याचे पाणी, नेरूळची हिरवळ

नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. त्यांच्या कर्तृत्वाला उणे लेखण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो, हे वैभव मिरविणारी नवी मुंबई कोणाचे पाणी पिते हा. ते येते खालापूर तालुक्यातील मोरबे धरणातून. तेथे धावरी नदी अडली, शेते बुडाली आणि धरणग्रस्तांच्या नशिबी मोबदल्यासाठी मोर्चे आले. जलाशयावर उभ्या असलेल्या इरशाळगडाच्या कुशीतील ठाकरांची इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली, तेव्हा मदत पोहोचवायला रस्तादेखील नव्हता!

कोकणात पाऊस उदंड. तरी कर्जत-खालापुरातील ठाकर-कातकरी वाड्यांच्या बाया वैशाखात हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर घालविले. खेळपट्ट्यांना सांडपाणी शुद्ध करून वापरण्याची सुबुद्धी क्रिकेटच्या धनिकांना सुचली ती न्यायालयाचा बडगा दिसल्यावरच.

नेरूळच्या प्रत्येक तिकिटावर आता पाण्याचा अधिभार बसवावा. धरण विकत घेणारी महापालिका धरणाच्या उशाशी असलेल्या वाड्यांपर्यंत नळही नेऊ शकते. पुढच्या सामन्याआधी तो न्यावा.