आमची नावे कंपनीच्या वहीत हवीत

अमरावती व अकोला जिल्ह्यांतून समुद्रातील तेलकामावर जाणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
तेल व नैसर्गिक वायू महामंडळ (ओएनजीसी),
दीनदयाळ ऊर्जा भवन, वसंत कुंज, नवी दिल्ली.

महोदय,

बडनेऱ्याहून मुंबई रेल्वेने साडेसहाशे किलोमीटर. आमच्या दोन जिल्ह्यांत खारे पाणी आहे, पण ते पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींत. आमच्या एका सभासदाने समुद्रावर जायला पहिल्यांदा बॅग भरली तेव्हा त्याचे वडील म्हणाले, "खारं पानी तं आपल्या इहिरीतबी हाये, त्याच्यासाठी मुंबईले कायले जातं रे?" प्रश्न रास्त होता. उत्तर एवढेच की, विहिरीतल्या त्या पाण्यावर वावर भिजत नाही, आणि मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर आत, बॉम्बे हायवर, आयटीआय झालेल्या वेल्डरला काम मिळते.

त्यातून ह्या कामाचा हंगाम आमच्या हंगामाला चपखल बसतो. पाइपलाइन टाकणे, प्लॅटफॉर्मची डागडुजी, रंगकाम ही कामे दर्या शांत असतानाच होतात. म्हणजे पावसाळा सरल्यापासून मेपर्यंत. डवरणी, फवारणी आटोपली, दिवाळी झाली की पोरे निघतात. कापसाची वेचणी घरच्या बाया मजूर लावून उरकतात. मिरगाच्या आधी माणूस पेरणीला घरी. संख्येने आम्ही थोडे आहोत, हे आम्हीच आधी सांगून टाकतो. तरी आमचे म्हणणे थोड्यांपुरते नाही.

आपल्या कंपनीची वाढ आम्ही अभिमानाने सांगतो. ज्या देशात फारसे तेल नाही असे परदेशी कंपन्यांचे तज्ज्ञ सांगत होते, तिथे केशवदेव मालवीय यांनी हट्टाने तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा केला. 14 ऑगस्ट 1956 ही त्याची तारीख. रशियन जहाजाने समुद्राच्या तळाची पाहणी केली. जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट' ह्या रिगने फेब्रुवारी 1974 मध्ये बॉम्बे हायवर तेल काढून दाखवले. अरबांनी भाव चौपट केले होते, त्या काळातली ही गोष्ट. 21 मे 1976 रोजी उत्पादन सुरू झाले आणि दोन वर्षांत पाइपलाइन उरणला लागली. 1993 मध्ये आयोगाची कंपनी झाली, 2010 मध्ये महारत्न झाली, आणि 2018 मध्ये 36,915 कोटी रुपये मोजून तिने हिंदुस्तान पेट्रोलियममधला सरकारचा हिस्साच विकत घेतला. समुद्रातून तेल काढणारी कंपनी अशी थेट आमच्या गावच्या पेट्रोलपंपापर्यंत येऊन पोहोचली.

ही वाढ मोजताना विहिरी मोजल्या गेल्या, टन मोजले गेले, पैसा मोजला गेला. पाण्यावर काम करणाऱ्या माणसांपैकी जे कंपनीच्या पगारावर आहेत, तेही मोजले गेले. आम्ही कंत्राटदाराच्या उपकंत्राटदाराने आणलेल्या यादीत असतो. ती यादी कोणाकडे असते, हे आम्हाला वेळ आल्यावरच कळते.

ती वेळ कशी येते, ते 17 मे 2021 रोजी साऱ्या देशाने पाहिले. तौक्ते चक्रीवादळात 'पी-305' ह्या कामगारांच्या राहण्याच्या बार्जचे नांगर तुटले, बार्ज भरकटला आणि बुडाला. त्यावर 261 माणसे होती. 'वरप्रदा' ही टगबोटही गेली. दोन्हींवर मिळून 274 जण. नौदल आणि तटरक्षक दलाच्या शोधकार्यातून 188 वाचले, 86 गेले. कित्येक मृतदेहांची ओळख पटवायला डीएनए तपासावा लागला.

आमच्या एका सभासदाचा धाकटा भाऊ त्या आठवड्यात दुसऱ्या एका जहाजावर होता. ते जहाज सुखरूप राहिले. पण घरच्यांना हे चौथ्या दिवशी कळले. ज्याने त्याला नेले त्या मजूर ठेकेदाराचा फोन बंद, त्याच्या वरच्या माणसाचे नाव घरात कोणालाच माहीत नाही. आईच्या हाती होते ते फक्त गेट पासचे मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र. त्यावरही आडनाव चुकलेले. तो चुकीच्या नावाचा कागद घेऊन त्याचे वडील मुंबईची गाडी पकडायला निघाले होते.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी पैशाची नाही. न्हावा धक्क्यावरून बोटीत किंवा जुहूहून हेलिकॉप्टरमध्ये चढणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद कंपनीने स्वतःच्या वहीत करावी, मग तो कोणाच्याही कंत्राटावर असो. नाव, गाव, तालुका, घरच्या दोन माणसांचे फोन, आणि तो आज कोणत्या जहाजावर वा प्लॅटफॉर्मवर आहे. माणूस हलला की नोंद हलावी. घरच्यांना विचारता येईल असा एक फोन क्रमांक असावा, आणि तो उचलणारा मराठी व हिंदी बोलणारा असावा. ह्याला नवे यंत्र लागत नाही. विहिरीतून किती पिंपे निघाली ते ज्या कंपनीला रोज कळते, तिला त्या दिवशी पाण्यावर कोण कोण आहे हेही कळू शकते.

दुसरी मागणी माघारीची. वादळाचा इशारा हवामान खाते आधी देते. तौक्तेच्या वेळीही दिला होता. कंत्राटदाराचा हिशेब वेगळा असतो. मे महिना म्हणजे हंगामाची शेपटी, उरलेले काम चार दिवसांत संपले तर बार्ज परत नेऊन पुन्हा आणण्याचा खर्च वाचतो. आम्ही कास्तकार आहोत, हा मोह आम्हाला कळतो. आभाळ भरून आले असताना शेवटच्या दोन ओळी वेचून घेऊ म्हणणारा माणूस आमच्याही घरात असतो. पण तिथे भिजतो तो कापूस. तेव्हा माणसे असलेले बार्ज कधी मागे घ्यायचे, हा निर्णय कंत्राटदाराच्या हाती ठेवू नये. इशारा कोणत्या पायरीला गेला की बार्ज निघालाच पाहिजे, हे करारात लिहावे. हुकूम कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने सुटावा. काम बंद राहिलेल्या दिवसांचा भुर्दंड कंत्राटदारावर पडू नये, म्हणजे त्याला समुद्रात थांबण्याचा मोहच उरणार नाही. आणि त्या दिवसांची मजुरी आम्हाला मिळावी. नाहीतर उद्या आमच्यातलाच कोणी "राहू द्या, काही होत नाही" म्हणेल.

तौक्तेएवढे वादळ नसतानाही समुद्र काय करतो, ते 27 जुलै 2005 ला दिसले. मुंबई आदल्या दिवशीच्या पुरात बुडालेली होती. 'समुद्र सुरक्षा' ह्या जहाजावरच्या एका आचाऱ्याच्या बोटांची टोके कापली गेली. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हते, म्हणून उपचारासाठी त्याला प्लॅटफॉर्मवर चढवायचे ठरले. लाटेने जहाज प्लॅटफॉर्मच्या वायुवाहिनीवर आदळले, आग लागली, दोनेक तासांत बॉम्बे हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म कोसळला. 22 माणसे गेली, 362 वाचली.

बोटीवरून वर चढणे म्हणजे काय, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. क्रेनला एक दोरांची जाळी टांगलेली असते, तिला आम्ही बास्केट म्हणतो. बॅगा आत टाकायच्या, माणसाने बाहेरच्या कडीवर उभे राहून दोर धरायचे. खाली बोट वर-खाली होत असते; ती लाटेच्या माथ्यावर आली की क्रेनवाला उचलतो. पहिल्या वेळी डोळे मिटू नका, असे सगळे सांगतात. सगळेच मिटतात.

तिसरी मागणी प्रशिक्षणाची. ह्या कामासाठी जीव वाचवण्याचे प्रशिक्षण लागते: पाण्यात उडी, तराफ्यावर चढणे, बुडत्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडणे. आज आमचा पोरगा त्याचे पैसे स्वतः भरतो, क्विंटलभर कापूस विकून, आणि मुंबईत लॉजवर राहून प्रमाणपत्र आणतो. अकोल्याच्या मोर्णा नदीकाठी वाढलेल्याला पोहता येतेच असे नाही. (मोर्णेला पाणी असते कधी?) कंपनीची स्वतःची सुरक्षा संस्था गोव्यात बेतुल येथे आहे. तिथले प्रशिक्षण कंत्राटी कामगारांना कंपनीच्या खर्चाने मिळावे. त्याआधीचे पोहणे आणि वर्गातला भाग अमरावती व अकोल्याच्या शासकीय आयटीआयमार्फत इथेच घेता येईल. आम्ही अमरावतीला समुद्र मागत नाही. पोहण्याचा तलाव पुरे.

कंपनीच्या शिकाऊ उमेदवारांच्या भरतीची जाहिरात संकेतस्थळावर येते आणि मुदत संपल्यावर आमच्या पोरांना कळते. ती दोन्ही आयटीआयच्या फलकावर वेळेत लागावी, आणि कंत्राटी कामावर घालवलेले हंगाम अनुभव म्हणून धरले जावेत.

मजुरीबद्दल थोडक्यात. बँकेतून पगार, मराठी किंवा हिंदीत पगारपत्रक, जादा तासांची नोंद, भविष्यनिर्वाह निधी भरल्याची पावती. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने द्यावी, ही जबाबदारी 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने घातली होती आणि 2020 च्या कामगार संहितेनेही ती काढलेली नाही. आम्ही नवे काही मागत नाही.

आपल्या सामाजिक दायित्व निधीतून आमच्या गावांना काही द्यावे, असा ठराव आमच्या सभेत आला होता. तो चर्चेअंती आम्हीच मागे घेतला. सभामंडप, बाकडी, पाण्याची टाकी ह्यांची गरज आहे, पण ती ह्या पत्रात मिसळली तर फोटो टाकीचा येईल आणि वही तशीच राहील.

आपल्या मुंबई कार्यालयातील जबाबदार अधिकाऱ्याने बडनेरा येथे येऊन आमच्याशी एक बैठक घ्यावी, ही विनंती. येणाऱ्यांची जेवणाची व्यवस्था आम्ही करू. आमची पुढची तुकडी दिवाळीनंतरच्या आठवड्यात निघेल. बैठक त्याआधी व्हावी. निघणाऱ्यांची यादी, गाव, तालुका आणि घरच्यांच्या दोन-दोन फोन क्रमांकांसह, आम्ही स्वतःच तयार केली आहे. ती बैठकीत आपल्या हाती देऊ.

आपले नम्र,
अध्यक्ष व सचिव,
संघटनेच्या सर्वसाधारण सभेच्या वतीने

प्रत माहितीसाठी : पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्रालय, नवी दिल्ली, अमरावती व अकोल्याचे खासदार, दोन्ही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी.