मी हँग्री आहे!
"आई, आत्ता काही विचारू नकोस, मी हँग्री आहे!" कॉलेजातून येताच लेक कडाडली. म्हटलं, "अगं, हंग्री म्हण." तर म्हणाली, "हंग्री अधिक अँग्री!" भूक आणि राग, एकाच शब्दात. २०१८ मध्ये तो चक्क ऑक्सफर्डच्या शब्दकोशात गेला. शब्द गमतीचा, पण खोटा नाही. पोट रिकामं असलं की डोकं तापतंच. मी लगेच पोहे फोडणीला टाकले. मग वाटलं, सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारी बाई चिडली, की मात्र 'तिचा स्वभावच तापट' म्हणून सगळे मोकळे! मैत्रिणींनो, सगळ्यांबरोबर पानावर बसा. आणि राग आलाच, तर बेधडक सांगा, मी हँग्री आहे!