ब्रेक आधी, वळण मग

परवा माझी भाची म्हणाली, "मामा, तुला मोटार चालवता येते ना? मग कार्टिंगला का घाबरतोस?" आता यावर काय बोलणार! गेलो. ती बारा वर्षांची, मी पन्नाशीचा. ट्रॅक एका भल्यामोठ्या हॉलमध्ये होता. खाली गुळगुळीत सिमेंट, कडेने जुन्या टायरांच्या भिंती.

गो-कार्ट म्हणजे लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर ठेवलेली एक खुर्ची, चार बुटकी चाकं आणि एक छोटं इंजिन. झाली गाडी! छप्पर नाही, दारं नाहीत, धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा नाहीत. १९५६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, आर्ट इंगल्स या कारागिराने पहिली कार्ट बनवली, तीही गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून. हल्ली हॉलमधल्या बऱ्याच कार्ट विजेवर चालतात, म्हणजे धूर नाही.

बसण्याआधीच भांडण झालं. भाचीची वेणी चांगली कमरेपर्यंत. ट्रॅकवरचे दादा म्हणाले, "ताई, वेणी शर्टाच्या आत घाला, मगच हेल्मेट." बाईसाहेब फुगल्या. पण दादा ऐकेनात, आणि त्यांचं बरोबरच होतं. कार्टची मागची चाकं ज्या दांड्यावर असतात, तो दांडा तुमच्या पाठीमागेच गरगर फिरत असतो. २०१८ साली हरियाणात पिंजोर इथे केस कार्टमध्ये अडकून एका महिलेचा जीव गेला. म्हणून केस आत, ओढणी-स्कार्फ घरी, बुटांची नाडी घट्ट. आईबाबांनो, हे तुम्हीही वाचा बरं का. ट्रॅकवाल्यांनी नाही पाहिलं, तर तुम्ही पाहा.

उजव्या पायाखाली अॅक्सिलरेटर, डाव्या पायाखाली ब्रेक. दोन्ही एकदम दाबायचे नाहीत. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! हिरवा झेंडा पडला, मी उजवा पाय दाबला तो दाबलाच. पहिलं वळण आलं, घाबरून ऐन वळणात ब्रेक मारला आणि कार्ट भोवऱ्यासारखी फिरून टायरांच्या भिंतीला टेकली. शेजारून भाची संथपणे निघून गेली. हात हलवायचा मोह मात्र तिने आवरला. दोन्ही हात स्टिअरिंगवरच हवेत ना!

असं का झालं? ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं. मागची चाकं हलकी होतात आणि वळणात असली तर घसरतात. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी लावायचा. मग पाय सोडायचा, स्टिअरिंग वळवायचं आणि तोंड सरळ होऊ लागलं की पुन्हा वेग.

कार्टची आणखी एक गंमत पाहा. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर जावं लागतं. मोटारीत त्यासाठी डिफरन्शियल असतो. कार्टमध्ये तो नसतो, मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडलेली. मग ती वळते कशी? स्टिअरिंग फिरवलं की आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं! वेग बेताचा असला तर हे छान जमतं, जास्त असला तर कार्ट नुसती पुढे घसरत राहते. वळणाला बाहेरच्या कडेने यायचं, मध्यावर आतली कड गाठायची, पुन्हा बाहेर निघायचं. नजर पुढच्या वळणावर. भिंतीकडे पाहिलंत तर भिंतीतच जाल. (मी गेलोच होतो.)

आणि आपटलात तर उतरायचं नाही. हात वर करून बसून राहायचं, दादा येतात. मागून गाड्या येत असतात आणि त्यांना तुम्ही ऐनवेळी दिसता.

दुसऱ्या फेरीत मी वळणाआधी ब्रेक मारायला लागलो. काय सांगू, हळू चालवतोय असं वाटत होतं, पण वेळेच्या कागदावर प्रत्येक चक्कर आधीपेक्षा कमी सेकंदांची!

तेवढ्यात दादांनी निळा झेंडा दाखवला. निळा म्हणजे, मागून तुमच्यापेक्षा वेगवान गाडी येते आहे, तिला वाट द्या. मी मुकाट बाजूला झालो. गाडी पुढे गेली. हेल्मेटखाली वेणी कुठे दिसत नव्हती, पण हसण्याचा आवाज मात्र ओळखीचा होता.