उभी बेरीज, आडवी बेरीज

एक्सेल हे वहीत लिहून काढायचं सॉफ्टवेअर आहे, असं आमच्या कॉमर्सच्या मुलांना वाटत असेल तर दोष त्यांचा नाही. जर्नलच्या उजव्या पानावर पायऱ्या, डाव्या कोऱ्या पानावर पट्टी-पेन्सिलीने आखलेलं टेबल, खाली फॉर्म्युला आणि त्याखाली माझी सही. सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही. यादीत नंबर शोधून त्याच्यापुढची माहिती आणणारा व्हीलुकअप मी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेला पाहिला आहे.

त्या फॉर्म्युल्याच्या शेवटी ‘फॉल्स’ लिहायचं असतं. का, असं विचारलं की उत्तर येतं, ‘‘मॅडम, तसंच असतं.’’ फॉल्सचा अर्थ, मी दिलेला रोल नंबर तंतोतंत सापडला तरच मार्क आण. ते लिहायचं राहिलं की एक्सेल जवळपासचा नंबरही चालवून घेतं; यादी क्रमाने लावलेली नसेल तर कुणाचे मार्क कुणाच्या खात्यात पडतील याचा नेम नाही. आणि हे सगळं बिनबोभाट. मुलं घाबरतात ती स्क्रीनवर ‘एन/ए’ उमटलं की. मला उलट ते प्रामाणिक वाटतं, सापडलं नाही एवढं तरी सांगतं. भीती बाळगायची ती नीटनेटक्या, दोन दशांशस्थळांपर्यंत आलेल्या चुकीच्या आकड्याची.

तरी एक्सेल हा विषय अभ्यासक्रमात हवा, याबद्दल माझं दुमत नाही. सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिपला लागलेल्या मुलांना विचारा. खरेदीचं रजिस्टर एकीकडे, जीएसटी पोर्टलवरून उतरवलेली टू-बी, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी, दुसरीकडे, आणि महिन्यामागून महिने दोन्ही जुळवत बसायचं. इथे बिल नंबर ००४५ असेल तर एक्सेल पुढची शून्यं गिळून ४५ करतं. बिल नंबर ३-४ असेल तर त्याची तारीख होते. मग दोन्हीकडे असलेलं बिल जुळत नाही आणि पोरगं व्यापाऱ्याला फोन लावत बसतं. यात हसण्यासारखं काही नाही. जनुकशास्त्रज्ञांचंही हेच झालं. ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशा नावांच्या जनुकांना एक्सेल तारखा समजायचं. शेवटी २०२०मध्ये त्या जनुकांची नावंच बदलल्याचं जाहीर झालं. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा माणसाच्या जनुकाचं बारसं पुन्हा करणं सोपं पडलं!

स्प्रेडशीटचा जन्मही वर्गातलाच. १९७८मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी डॅन ब्रिकलिन फळ्यावरचा हिशेब बघत होता. एक आकडा बदलला की पुढचे सगळे खोडून पुन्हा लिहायचे. ते आपोआप बदलले तर? त्यातून, बॉब फ्रँकस्टनच्या साथीने, १९७९मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ आलं. पण वर्गातली मला जास्त आवडणारी गोष्ट दुसरी आहे.

कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ हे हार्वर्डचे दोन नामवंत अर्थतज्ज्ञ. रोगॉफ तर नाणेनिधीचे माजी मुख्य अर्थतज्ज्ञ. २०१०मध्ये त्यांनी मांडलं की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं की वाढ खुंटते. अशा देशांचा सरासरी विकासदर उणे ०.१ टक्का. सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या राजकारण्यांनी हा निबंध उचलून धरला. तिकडे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्टमधल्या थॉमस हर्नडन या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला एका कोर्ससाठी गृहपाठ होता: छापून आलेला एखादा निबंध घ्या आणि तेच आकडे पुन्हा काढून दाखवा. त्याला ते निघेनात. प्राध्यापकांनाही आधी वाटलं, यानेच कुठेतरी गडबड केली असेल. शेवटी त्याने मूळ लेखकांकडेच शीट मागितली आणि त्यांनी ती दिली, हे त्यांच्या बाजूने आवर्जून सांगायला हवं. यादी वीस देशांची, सरासरीचा फॉर्म्युला मात्र पंधराव्या ओळीवर थांबलेला. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क बाहेरच राहिले होते. माउस ओढताना बोट अलीकडेच सुटावं, तसं. काही वर्षांची आकडेवारी गाळणं आणि देशांना भार देण्याची पद्धत, या आक्षेपांचा वाटा खरं तर मोठा होता. सगळं धरून हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी २०१३मध्ये जो आकडा काढला तो होता अधिक २.२. शीटमधली चूक मूळ लेखकांनी मान्य केली, निष्कर्ष सोडला नाही.

हर्नडनला पिव्होट टेबल किती सफाईने करता यायचं, मला ठाऊक नाही आणि त्याने फरक पडत नाही. त्याने सेलवर क्लिक करून आत काय लिहिलंय ते पाहिलं. कीर्द-खतावणीच्या काळातले हिशेबनीस उभी बेरीज झाली की आडवी मारायचे, आणि दोन्ही जुळल्याशिवाय वही मिटत नसत. तो खोडा आपण फार लवकर काढून टाकला. मशीनने केलेली बेरीज कोण तपासणार?

म्हणून या सत्रात मी लॅबमध्ये मुलांना मुद्दाम नासवलेली शीट दिली. एका कॉलमच्या बेरजेत शेवटची ओळ नाही. एके ठिकाणी फॉर्म्युल्याच्या जागी कुणीतरी आकडाच टाइप केलाय. सरळ व्हीलुकअप लिहा म्हटलं की पेंगणारी मुलं चोर पकडायला निघाल्यासारखी कामाला लागली. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, ‘‘मॅडम, हा आकडा डावीकडे का चिकटलाय?’’ तो मजकूर म्हणून टाइप झाला होता, बेरजेने त्याला धरलंच नव्हतं. ही खूण पाठ्यपुस्तकात नाही.

हाच प्रश्न परीक्षेत घालूया म्हटलं तर स्टाफरूममध्ये आक्षेप आला: चुका शोधण्याला मार्क द्यायचे कसे, मॉडेल आन्सरमध्ये हे बसणार कुठे? अकरावीच्या बुककीपिंगला ‘चुकांची दुरुस्ती’ हे अख्खं प्रकरण आहे. त्याचे मार्क देताना आजवर कुणाचं अडलेलं मी पाहिलेलं नाही.